टर्कीच्या शिकारीत कुत्रा हवा की नको?

ऑक्टोबर संपत आलेला. व्हर्जिनियातल्या अ‍ॅपलाचियन डोंगरउतारांवर ओकची पानं गळून जाड पाचोळा झालाय, आणि वीसेक जंगली टर्की तो पायांनी उकरत, खालची ओकची फळं टिपत चालल्या आहेत. एक कुत्रा त्यांच्या वासावर धावत येतो. येतो तो मुकाट. पक्षी दिसताच मात्र भुंकत थेट थव्याच्या मधोमध घुसतो आणि सगळे पक्षी वाट फुटेल तिकडे उडून जातात. कुत्र्यानं एकालाही तोंड लावलेलं नाही. शिकाऱ्यानं बंदूक खांद्याला लावलेली नाही. तरीही अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत हे बेकायदा आहे, आणि काही राज्यांत मात्र बापाकडून मुलाकडे आलेली परंपरा म्हणून ते जपलं जातं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा वाद क्षुल्लक वाटेल. पक्षी मारायचाच आहे, तर कुत्रा असला काय आणि नसला काय! पण थोडं आत शिरलं की त्यात बरंच काही गुंतलेलं दिसतं. जवळजवळ संपलेला पक्षी परत कसा आणला, शिकार चालू ठेवून तो टिकवायचा कसा, एकाच रानात शिरणाऱ्या वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना कसं सांभाळून घ्यायचं, असे प्रश्न त्याला चिकटलेले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. भांडण कुत्र्यावरून होतं, पण खरा प्रश्न मादीचा आहे. वर्षाच्या कोणत्या काळात किती माद्या मेल्या, यावर टर्कीचं पुढचं ठरतं. कुत्रा डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो, म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो.

पक्षी कोणता, कुठला

आपल्याकडे टर्की म्हटलं की नाताळचं जेवण आठवतं, नाहीतर फार्मवरचा जडशीळ पांढरा पक्षी. तो पाळीव. त्याच्या पूर्वजांना मेक्सिकोतल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवलं होतं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, आणि पुढे पोर्तुगीजांच्या गोव्यातही तो पोचला. १६१२ साली मुकर्रब खान या सरदारानं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवलाचे प्राणी आणले, त्यांत एक टर्की होती. बादशहानं तिचं वर्णन आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आणि उस्ताद मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

रानातल्या टर्कीचा तोरा वेगळा. रंग तांबूस-काळा, उन्हात पितळेसारखा चमकणारा. पूर्ण वाढलेला नर ७ ते ११ किलोंचा, मादी जेमतेम त्याच्या निम्मी. एवढं वजन घेऊन हा पक्षी ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावतो, आणि थोड्या अंतरापुरता ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं उडतो. रात्र उंच झाडावर काढतो. वास फारसा घेता येत नाही, पण नजर विलक्षण. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं जवळजवळ चहूकडचं दिसतं, रंग आपल्यापेक्षा जास्त ओळखू येतात. टर्कीच्या शिकाऱ्याला वाऱ्याची दिशा सांभाळावी लागत नाही, पण त्याचं बोट हललं तरी सावज गेलं. म्हणून तो झाडोऱ्याच्या रंगांचे कपडे घालतो, तोंडही झाकतो, आणि झाडाला पाठ लावून दगडासारखा बसून राहतो.

संपत आलेला पक्षी परत आला, त्याची गोष्ट

हा भाग समजून घेतल्याशिवाय वादातली धग कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

युरोपीय लोक येण्याआधी उत्तर अमेरिकेत एक कोटीच्या आसपास टर्की असाव्यात असा अंदाज आहे. मग जंगलं तुटली, आणि बाजारात विकण्यासाठी बारमाही शिकार झाली. विस्कॉन्सिनमधून हा पक्षी १८८१ पर्यंत नाहीसा झाला. १९३०च्या दशकात देशभरात उरल्या दोनेक लाख, त्याही माणूस सहसा पोचत नाही अशा दलदलींत आणि डोंगरांत.

सुधारणेची सुरुवात कायद्यांनी झाली. १९००च्या लेसी कायद्यानं बेकायदा मारलेले प्राणी राज्याबाहेर नेऊन विकायला बंदी केली. १९३७चा पिटमन-रॉबर्टसन कायदा त्याहून दूरगामी ठरला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे वळवायचं त्यानं ठरवलं. म्हणजे शिकारी जे काडतूस विकत घेतो, त्यातूनच रानाची निगराणी होते. भारतात १९७२चा वन्यजीव कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांनंतर परवान्यानं शिकार करणं बंदच झालं, त्यामुळे आपल्याला ही व्यवस्था विचित्र वाटते. पण तिथल्या संवर्धनाचा पाया हाच आहे, हे मान्य करूनच पुढचं वाचावं लागतं.

पैसा आला तरी पक्षी लगेच वाढले नाहीत. आधी सोपा उपाय करून पाहिला गेला. फार्मवर अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि रानात सोडायची. पेनसिल्व्हेनियानं तर अनेक दशकं सरकारी टर्की फार्म चालवला. असे पक्षी कोल्ह्या-रॅकूनांच्या तोंडी गेले, कारण रानात कसं जगायचं हे शिकवणारी आई त्यांना नव्हती. यश आलं ते रानातलेच पक्षी पकडून दुसऱ्या रानात नेल्यावर. पण इतका सावध पक्षी पकडायचा कसा? १९५१ साली साऊथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात याचं उत्तर सापडलं. दाणे टाकून पक्ष्यांना एका जागेची सवय लावायची, आणि ते जमले की छोट्या तोफांनी त्यांच्यावर जाळं उडवायचं.

त्यानंतरची चढण पाहून मन भरून येतं. मिसूरीत पकडलेले २९ पक्षी १९७६ साली विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत सोडले गेले, आणि १९८३ साली तिथे वसंतातली शिकार सुरू करता आली. न्यू जर्सीत १९७७ साली २२ पक्षी सोडले. आज तिथे वीस हजारांहून अधिक टर्की आहेत, आणि एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना रस्ता अडवून उभा असलेला थवा नवीन नाही. १९७३ साली स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशननं या कामात राज्यांना मोठा हातभार लावला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरातली संख्या सत्तर लाखांच्या घरात गेली. आता ती साठ लाखांच्या आसपास उतरली आहे.

एवढ्या कष्टानं परत आणलेला पक्षी पुन्हा जाईल, ही भीती टर्कीविषयीच्या प्रत्येक नियमामागे असते. कुत्र्यावरची बंदीही बहुतेक ठिकाणी त्या भीतीपोटी आली.

शिकारीचे दोन हंगाम

वसंतात, साधारण मार्च ते मे, टर्कीची वीण सुरू होते. नर पिसारा फुलवून घशातून गुडगुड आवाज काढतात आणि माद्या त्यांच्याकडे जातात. शिकारी लपून मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडे बोलावतो. या हंगामात फक्त नर मारायचा असतो. छातीवर केसांसारख्या पिसांचा, दाढीसारखा झुपका असलेला पक्षी, अशी बहुतेक राज्यांतली खूण. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पिल्लांच्या संख्येत सहसा फार फरक पडत नाही. आज टर्कीची शिकार म्हटली की बहुतेक अमेरिकनांना हीच आठवते.

पण अनेक भागांत जुनी रीत पानगळीच्या हंगामातली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माद्या आणि त्यांची त्या वर्षीची पिल्लं मोठ्या थव्यानं फिरतात. पिल्लं एव्हाना चांगली उडती झालेली असतात, पण आईपासून तुटलेली नसतात. प्रौढ नरांचे थवे वेगळे. वीण नसल्यामुळे मादीच्या आवाजानं नर धावत येण्याचा प्रश्न नाही. मग शिकारी थव्याच्या एकीचा उपयोग करून घेतो. थवा फोडायचा, पक्षी दहा दिशांना पांगवायचे, आणि तिथेच झाडाला पाठ लावून बसायचं. थोड्या वेळानं हरवलेली पिल्लं ‘की-की, की-की’ अशी शीळ घालू लागतात. आई उंच ठिकाणी उभी राहून सगळ्यांना साद घालते. शिकारीही त्यांच्याच आवाजात उत्तर देतो, आणि एखादं पाखरू त्या आवाजाकडे चालत येतं.

ज्यांना हे ऐकून पोटात कालवतं, त्यांना मी दोष देणार नाही. आईला शोधणाऱ्या पिल्लाच्या हाकेवर ही शिकार उभी आहे. कुत्रा नसला, तरीही ती तशीच आहे. एवढं लक्षात ठेवावं.

सगळा डाव पांगवण्यावर असतो. थवा एकाच दिशेला उडाला तर पलीकडच्या टेकडीवर पुन्हा एकत्र होतो आणि शिकारी बसल्या जागी दिवसभर बसून राहतो. पक्षी वेगवेगळ्या दिशांना गेले तरच ते एकमेकांना हाका मारतात. माणूस एकटा असला तर तो आरडाओरडा करत थव्यावर धावून जातो. खडकाळ उतारावर, ओल्या पानांवर, हातात बंदूक घेऊन असं धावणं धोक्याचं, आणि धावूनही टर्की त्याच्या चौपट वेगानं निसटते. इथे कुत्रा येतो.

कुत्रा नेमकं काय करतो

आपल्या जुन्या शिकारकथांतला हाका आठवा. हाकारे डबे वाजवत, ओरडत सावजाला मचाणाकडे रेटत आणतात. टर्कीचा कुत्राही ओरडतोच, पण उलट्या कामासाठी. तो सावजाला बंदुकीपासून दूर घालवतो.

पक्षितज्ज्ञ आणि चित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉननं १८३१ साली टर्कीवर लिहिताना अशा कुत्र्याचं वर्णन केलंय. शिकवलेला कुत्रा मुकाट्यानं वेगात निघतो, पक्षी दिसताच भुंकत थव्याच्या मध्यात घुसतो आणि त्यांना वेगवेगळ्या दिशांना उडायला लावतो, असं तो लिहितो. चांगल्या कुत्र्याला मोठ्या थव्याचा वास अर्ध्या मैलावरून येतो, असंही तो म्हणतो. दोनशे वर्षांत या कामात फारसा बदल झालेला नाही.

व्हर्जिनियातल्या लोरी इथल्या जॉन बर्न यांनी या कामासाठी कुत्र्यांची एक खास वंशावळच तयार केली. प्लॉट हाउंड, पॉइंटर आणि सेटर यांचं रक्त तिच्यात मिसळलेलं आहे. हाउंडचं नाक आणि गळा, पॉइंटर-सेटरची दूरवर धाव. लावे किंवा तितर यांच्या शिकारीतला पॉइंटर पक्ष्यासमोर पाय उचलून स्तब्ध उभा राहतो, आणि पक्षी गवतात दबून बसतो. टर्की दबून बसत नाही, ती पळते. तिथे स्तब्ध उभं राहून उपयोग नाही. घुसावंच लागतं, आणि भुंकावंही लागतं, म्हणजे मागे राहिलेल्या मालकाला थवा कुठे फुटला हे कळतं.

यापुढचं काम कुत्र्यासाठी सर्वांत अवघड. थवा पांगला की त्यानं परत यायचं, मालकाच्या पायाशी झाडोऱ्याच्या रंगाच्या कापडी पिशवीत शिरायचं, आणि डोकं फक्त बाहेर ठेवून एक तास, कधी दोन तास हलायचं नाही. ज्या पक्ष्याच्या वासानं पाच मिनिटांपूर्वी तो वेडा झाला होता, तो आता वीस पावलांवर चालत येताना दिसत असतो. तरीही हूं नाही की चूं नाही. शिकारीविषयी तुमचं मत काहीही असो, एका जनावराला माणसानं इतकं समजावून घेतलं आणि त्यानं माणसाला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बार झाल्यावर कुत्र्याचं तिसरं काम सुरू होतं, आणि वादात त्याचा उल्लेख सगळ्यांत कमी होतो. छऱ्याच्या बंदुकीनं टर्की नेहमी जागीच मरत नाही. पंखाला छरा लागलेला पक्षी धावत झाडीत शिरतो आणि माणसाला सापडत नाही. तो कुठेतरी तडफडत मरतो आणि शिकाऱ्याच्या हिशेबातही येत नाही. मग शिकारी आणखी एक पक्षी मारतो. कुत्रा तो जखमी पक्षी शोधून काढतो. फुकट गेलेला जीव वाचवता येत नसला, तरी त्याच्या जोडीला दुसरा जाऊ नये, एवढं तरी होतं.

मग हरकत कशाला?

हरकती बऱ्याच आहेत, आणि सगळ्यांचं वजन सारखं नाही.

सर्वांत मोठा आवाज हरणाच्या शिकाऱ्यांचा. पानगळीतच हरणांचा हंगाम असतो, विशेषतः धनुष्यबाणाचा. एखादा माणूस पहाटे अंधारात येऊन झाडावरच्या मचाणावर बसतो, तासन्‌तास श्वाससुद्धा जपून घेतो, आणि तेवढ्यात खालून एक कुत्रा भुंकत जातो. त्याचा दिवस वाया. संतापणं स्वाभाविक आहे. पण ही दोन माणसांमधली जागेची अडचण आहे, तिचा टर्कीच्या जगण्या-मरण्याशी संबंध नाही. तारखा वेगळ्या ठेवून किंवा सार्वजनिक रानाचे भाग वाटून देऊन ती सोडवता येते. बंदीची मागणी करताना मात्र तीच हरकत पक्ष्याच्या काळजीचा वेष घेऊन येते, आणि ते मला खटकतं.

दुसरी हरकत हद्दीची. कुत्र्याला कुंपण समजत नाही. शेजाऱ्याच्या खासगी रानात तो शिरला की शेजारी चिडतो, आणि दक्षिणेकडच्या राज्यांत हरणांमागे कुत्रे सोडण्यावरून असे तंटे वर्षानुवर्षं चालत आले आहेत. टर्कीच्या कुत्र्याला त्या जुन्या वैराची झळ बसते. वास्तविक हरणांमागचे हाउंड टोळीनं मैलोन्‌मैल धावतात, टर्कीचा कुत्रा एकटा असतो आणि थवा फुटला की परत फिरतो. गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यामुळे तो कुठे आहे हे मालकाला कळतंही. तरी शेजाऱ्याची परवानगी आधी घेणं हे कुत्रा पाळणाऱ्याचंच कर्तव्य, यात दुमत नको.

तिसरी हरकत नीतीची. अमेरिकन शिकाऱ्यांत प्राण्याला निसटायची खरी संधी मिळालीच पाहिजे असा दंडक मानतात. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबनं तो रुजवला. कुत्रा वापरला की ही संधी हिरावली जाते, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. कुत्रा थवा शोधतो आणि पांगवतो हे खरं, पण पांगलेल्या पक्ष्याला उडून गेल्यावर परत यायची सक्ती कोणी करत नाही. तो आवाज ओळखून आला तर आला. शिकाऱ्याच्या आवाजात खोट सापडली की टर्की तिथूनच मागे फिरते, आणि तसं वारंवार होतं. ज्यांना कुत्रा अन्यायाचा वाटतो, त्यांच्यातले कित्येक जण वसंतात मादीचा प्लास्टिकचा पुतळा मांडून नराला फसवतात. तो न्याय्य आणि हा अन्याय्य, ही रेघ मला दिसत नाही.

चौथी हरकत मात्र गंभीर आहे, कारण ती थेट पक्ष्याविषयी आहे. तिचे दोन भाग पडतात.

पहिला भाग वसंताचा. मादी जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला घरटं करते, दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. याच काळात तिच्यावर आणि अंड्यांवर सर्वाधिक संकटं येतात. रॅकून, स्कंक, ऑपॉसम, साप, कावळे, सगळेच टपलेले. मादी वारंवार उठवली गेली तर घरटं सोडून देते. पिल्लं बाहेर आली तरी पहिले दोन आठवडे त्यांना झाडावर उडून बसता येत नाही, आणि जी मरतात त्यांतली बहुतेक याच पंधरवड्यात मरतात. अशा वेळी रानात मोकळा कुत्रा नकोच. बहुतेक राज्यांनी वसंतातल्या टर्कीच्या शिकारीत कुत्र्याला मनाई केली आहे ती अगदी बरोबर आहे. विस्कॉन्सिनमध्ये १५ एप्रिल ते ३१ जुलै या काळात राज्याच्या वन्यजीव-क्षेत्रांवर कुत्रा पट्ट्यालाच बांधून न्यावा लागतो, मग तो शिकारीचा असो वा फिरायला आणलेला. जमिनीवर घरटं करणारा पक्षी आणि मोकळा कुत्रा यांचं जमत नाही, हे महाराष्ट्रातल्या माळरानांना चांगलं ठाऊक आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ माळावर माळढोकांना आणि खोकडांना भटक्या कुत्र्यांचा त्रास होत आलाय.

दुसरा भाग पानगळीचा, आणि सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. या हंगामात अनेक राज्यांत नर आणि मादी दोन्ही मारता येतात. मेलेली मादी म्हणजे पुढच्या वसंतातलं एक घरटं कमी. टर्कीच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत आहे. मिसूरीतल्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या गणितानुसार, पानगळीत साधारण दहा टक्क्यांहून जास्त पक्षी मारले गेले तर संख्या घसरणीला लागू शकते. त्याच दशकात व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात माद्यांना रेडिओ बांधून पाहिलं गेलं. जिथे पानगळीची शिकार नव्हती, तिथे माद्या जास्त जगल्या.

आता इथे कुत्रा कुठे येतो ते पाहा. कुत्र्यासह टर्कीची शिकार करणारे फार थोडे. असा कुत्रा तयार करायला काही वर्षं जातात आणि वर्षभर सांभाळावा लागतो. बहुतेक राज्यांत पानगळीत टर्की मारणारे लोकच कमी होत चाललेत, आणि मरणाऱ्या माद्यांतल्या कितीतरी हरणासाठी मचाणावर बसलेल्या माणसानं समोर आली म्हणून मारलेल्या असतात. त्या मादीला कोणी हाक मारलेली नसते की तिचा थवा कोणी फोडलेला नसतो. माद्या वाचवायच्या असतील तर एका माणसाला किती पक्षी आणि किती दिवस, हे आकडे खाली आणावे लागतात. कुत्र्यावर बंदी घालून थोड्या लोकांचा हिरमोड होतो आणि माद्यांचा आकडा जवळपास तिथेच राहतो.

राज्यांनी काय केलं

न्यूयॉर्कचं उदाहरण मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. तिथे पानगळीत कुत्रा चालतो, वसंतात नाही. टर्की कमी होताना दिसल्यावर राज्यानं २०१५पासून पानगळीचा हंगाम दोन आठवड्यांवर आणला आणि माणशी एकच पक्षी, असं ठरवलं. कुत्र्याला हात लावला नाही, आकड्याला लावला. पेनसिल्व्हेनियानं कायदा बदलून पानगळीत कुत्र्याला परवानगी दिली, आणि २०२१पासून त्याच हंगामात रायफलीला मनाई केली. रायफलीनं दूरवरून, थवा न फोडता, आवाज न काढता पक्षी टिपता येत होता. विस्कॉन्सिननं आधी मोजक्या काउंट्यांत कुत्र्याचा प्रयोग केला आणि मग राज्यभर मुभा दिली.

आग्नेय भागाची कहाणी वेगळी. तिथे गेल्या दोन दशकांत एका मादीमागे जगणाऱ्या पिल्लांची संख्या चिंता वाटावी इतकी घटली आहे. कारणं अनेक. कातडीचा बाजार पडल्यावर रॅकून पकडणारे कमी झाले आणि रॅकून वाढले. घरट्यांना लागणारा मोकळा, गवताळ, अधूनमधून जाळून राखलेला अधिवास आटला. जॉर्जिया विद्यापीठातले मायकेल चेंबरलेन यांच्यासारखे संशोधक आणखी एक शंका मांडतात. वसंतातली शिकार फार लवकर सुरू झाली तर वीण नीट होण्याआधीच थव्यातले वरचढ नर मारले जातात. जॉर्जियानं २०२२ साली माणशी तीनऐवजी दोन नर अशी मर्यादा केली आणि हंगाम उशिरा सुरू केला. त्याच वर्षी अलाबामानं पाचाचे चार केले, आणि हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत पुतळे वापरायला बंदी घातली. जॉर्जियात पानगळीची टर्कीची शिकार नाहीच. म्हणजे कुत्र्याचा शिकारीत वापरच नाही, तरीही घसरण झालीच. बंदीवाल्यांनी या उदाहरणाकडे नीट पाहावं असं मला कळकळीनं वाटतं.

याचा अर्थ सगळीकडे कुत्रे मोकळे सोडा, असा नाही. जिथे टर्की खरोखर कमी आहेत तिथे पानगळीची शिकारच थांबवावी, कुत्र्यासह आणि कुत्र्याशिवायही. जिथे भरपूर आहेत तिथे पानगळीत कुत्र्याला मुभा असावी, जखमी पक्षी शोधायला तर असावीच. वसंतात कुठेही नको. आणि कुत्रा घेऊन रानात जाणाऱ्यानं पहाटेपासून मचाणावर बसलेल्या माणसाची अडचण आपली मानावी. बर्न यांच्यासारख्यांनी घडवलेली कुत्र्यांची विद्या एकदा गेली की पुस्तक वाचून परत येणार नाही. ती बाप-लेकांच्या आणि कुत्र्याच्या सोबतीनंच चालते.

आकडे ठरवायचे तर रानात पिल्लं किती जगली हे कळावं लागतं, आणि त्यासाठी राज्यं सामान्य लोकांची मदत घेतात. न्यूयॉर्क दर ऑगस्टमध्ये, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी उन्हाळ्यात, दिसलेल्या टर्कींची नोंद करायला नागरिकांना सांगतात. परवाना लागत नाही, शिकारी असावं लागत नाही. त्या भागांत राहणाऱ्या मराठी वाचकांना घरामागच्या गवतात थवा दिसला, तर मोठे नर किती, माद्या किती आणि पिल्लं किती हे वेगवेगळं मोजून, तारीख आणि जागा टाकून राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर भरता येतं. पिल्लं नसलेली एकटी मादी दिसली तर तीही नोंदवावी. तिला वगळलं तर एका मादीमागे जास्त पिल्लं जगली असं चुकीचं चित्र तयार होतं, आणि पुढच्या वर्षीच्या पानगळीत किती पक्षी मारू द्यायचे हे ठरवताना त्या चित्राचा आधार घेतला जातो.